गळ्याभोवतीचा उजेड

सकाळी पहिलं चित्र उघडण्याआधी मी हात जोडते. खोलीला खिडकी नाही, दिवे मंद असतात, स्क्रीन अजून काळी असते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मागणं मोठं नसतं. जो कोणी आता पुढे येणार आहे त्याला सांभाळ आणि माझ्या हातून चूक होऊ देऊ नकोस, एवढंच. नाव घ्यायची सोय नाही. आमच्याकडे चित्रं क्रमांकाने येतात, नावं आधीच काढून टाकलेली असतात. देवाला क्रमांक सांगणं काही बरं वाटत नाही, म्हणून मी 'जो कोणी' म्हणते.

मग तो जो कोणी स्क्रीनवर येतो. हात डोक्यावर घेतलेला, राखाडी, बिनचेहऱ्याचा. स्कॅनच्या आधी त्याच्या शिरेतून किरणं सोडणारी साखर दिलेली असते. शरीरात जिथे साखर जास्त जळते तिथे उजेड दिसतो. लिम्फोमा या कॅन्सरच्या गाठी फार खादाड. त्या उधळ्या माणसासारखी साखर उडवतात आणि लख्ख दिसतात. पण मेंदूही साखर खातो, हृदय खातं, आणि उरलेली मूत्राशयात साठते. कॉम्प्युटरला हा फरक नीट कळत नाही, तो उजेड दिसला की बेरजेत धरतो. निरोगी उजेड पुसून टाकायचा आणि आजाराचा तेवढा ठेवायचा, हे माझं काम. राहिलेल्या उजेडाचं आकारमान काढलं की एक आकडा येतो.

हा आकडा आम्हाला हवा असतो तो एका नव्या उपचारासाठी. रोग्याच्या रक्तातल्या लढाऊ पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठी ओळखायला शिकवायचं आणि परत त्याच्याच अंगात सोडायच्या. काहींचा आजार त्याने पार निघून जातो. काहींचा जातो आणि परत येतो. कुणाचं काय होईल हे आधीच्या चित्रावरून सांगता येतं का, ते आमचा विभाग शोधतो आहे. हा उपचार होऊन गेलेल्या रोग्यांची चित्रं मी शेकड्यांनी रंगवली आणि पुसली. त्यातून एक रेषा निघाली. रेषेखालचे बरेचसे टिकले. वरचे बरेचसे नाही. हे 'बरेचसे' फार त्रास देतं. दुपारपर्यंत मान आखडते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि घरी जाऊन भाजी चिरतानाही मी मनात तिची कड आखत असते.

आमच्या घरात मला 'फोटोवाली' म्हणतात. हे नाव भाऊजींनी ठेवलं. ह्यांचे थोरले भाऊ. मी डॉक्टर आहे हे त्यांना मान्य होतं, पण जो डॉक्टर नाडी बघत नाही आणि गोळी देत नाही तो फोटोग्राफरच, असं त्यांचं म्हणणं.

"स्टुडिओ कसा चाललाय, धाकटे?" असं ते विचारायचे. "गिऱ्हाईक हसतं का फोटोत?"

भाऊजी जन्मभर कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते. बाहेर माणसं घामाने निथळायची तेव्हा हे आत गोठलेल्या खोक्यांच्या थप्प्या लावायचे. तिथले लोक त्यांना 'बर्फ्या' म्हणत. इतरांना जाड कोट लागायचा, यांना सदरा पुरायचा, हा त्यांचा मोठेपणा. एकदा वरून खोकं पडलं आणि खांद्याचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. तरी दुसऱ्या महिन्यात आत हजर. निवृत्त झाल्यावरही घराच्या खिडक्या कधी लावू दिल्या नाहीत. जाऊबाई, ज्यांना मी ताई म्हणते, घरातल्या घरात शाल गुंडाळून वावरायच्या.

"थंडी ही मनात असते," भाऊजी म्हणायचे.

"हो, आणि सर्दी माझ्या नाकात," ताई म्हणायच्या.

लिम्फोमा झाला तेव्हाही त्यांचा हाच ताठा. मानेत गाठ आली, मग काखेत, मग पोटात. औषधांच्या फेऱ्या झाल्या. केस गेले, चव गेली. आजार दोनदा गेला आणि दोनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा डॉक्टरांनी हा पेशींचा उपचार सुचवला. पेशी काढून नेल्या, त्या तयार होत होत्या. परत सोडायच्या आधी पुन्हा एक स्कॅन, मग काही आठवडे दवाखान्यात. त्यात ताप चढू शकतो, माणूस बरळू शकतो, म्हणून रोज एक वाक्य लिहून घेतात, हात थरथरतो का ते बघायला. हे सगळं भाऊजींनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाले, "मी जाणार नाही."

आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. ह्यांनी पानावरून मान वर केली नाही. ताईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"नाही म्हणजे?" ताई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही. कंटाळा आला मला. घाबरलोबिबरलो नाही हं. कंटाळा आला. सुया, सलाईन, तेच छत बघत पडायचं. फायदा असेल तर ठीक. नसेल तर घरचं छत काय वाईट आहे?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धाकटे, तू रोज तेच बघतेस ना? कोण राहतो, कोण जातो?"

"तसं एकेका माणसाचं सांगता येत नाही, भाऊजी."

"मग करता काय दिवसभर? माझा फोटो निघाला की आकडा सांग. बरा असेल तर निमूट जातो. नसेल तर मला कुणी आग्रह करायचा नाही. ठरलं."

कुणी 'हो' म्हटलं नाही, पण भाऊजींच्या घरात ते लागत नसे.

भांडी घासताना ताई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"तू काय वाटेल ते बघ, पण यांना चांगलंच सांग."

"ताई..."

"मला माहीत आहे तू खोटं बोलत नाहीस. तुझे नेम मला माहीत आहेत. पण एवढं एक बोल. त्याचं पाप माझ्या पदरात." ताटलीवरून हात फिरवत राहिल्या, ती केव्हाच स्वच्छ झाली होती. "तो माणूस नाही म्हणाला की नाहीच जाणार. आणि मग मी रोज सकाळी उठून काय करू? त्याच्याकडे बघत बसू?"

मी पुढचं ताट विसळायला घेतलं. त्यांनी नळ बंद केला.

त्यानंतरच्या आठवड्यात एक चित्र माझ्यासमोर आलं. क्रमांकाने, नेहमीसारखं. मी हात जोडले होते, 'जो कोणी' म्हणून झालं होतं. कोपऱ्यात कॉम्प्युटरने केलेली कच्ची बेरीज होती आणि ती बघूनच मला खुर्चीत मागे टेकावंसं वाटलं. एवढा मोठा आकडा क्वचित येतो. मानेच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांवर, पाठीच्या कण्याला लागून थेट खाली, सगळीकडे उजेडच उजेड. जणू कुणी गळ्यात दिव्यांची माळ घातली होती. पोटातही होता, पण गळ्यापुढे तो काहीच नाही. बिचारा, असं मनात आलं. माझं ठरलेलं होतं, पहिल्यांदा मेंदू पुसायचा. म्हणून मी चित्र मोठं केलं आणि वरून खाली येऊ लागले.

डाव्या खांद्याचं हाड वाकडं जुळलेलं होतं.

वाकडी जुळलेली हाडं पुष्कळांची असतात. पण त्या वाकड्यावर ताईंनी कित्येक हिवाळे तेल चोळलेलं मी पाहिलं आहे. मी माउसवरचा हात उचलला. आमच्याकडे नियम आहे, आपल्या माणसाचं चित्र आपण हाताळायचं नाही. हात आपोआप हळवा होतो, नाहीतर मुद्दाम कठोर. उठायला हवं होतं आणि उठवत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहात बिस्कीट बुडवत होता, त्याचं बिस्कीट तुटून कपात पडलं आणि तो स्वतःशी काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात मी उठले.

विभागप्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. निवृत्तीला आल्यात, गुडघे दुखतात, बोलणं मोजकं. मी सांगितलं, "बाई, हे माझे दीर आहेत बहुतेक. मी बघू शकत नाही."

"मग सरक," म्हणाल्या आणि माझ्या खुर्चीत बसल्या. मी मागे उभी राहिले. बाईंनी गळ्याभोवतीचा उजेड बराच वेळ निरखला. मग त्याच जागेचं दुसरं, साधं चित्र बाजूला लावलं, ज्यात गाठ गाठीसारखी आणि चरबी चरबीसारखी दिसते.

"गाठी नाहीत या. निदान सगळ्या तरी नाहीत. चरबी आहे," त्या म्हणाल्या. "ऊब देणारी. थंडी वाजली की पेटते. दोन्ही बाजूंना सारखीच आहे बघ. पण या वयात इतकी? याला काय बर्फात झोपवला होता का?"

माझ्या तोंडून एकदम हसू निघालं, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. "कोल्ड स्टोरेजमध्ये होते, बाई. आयुष्यभर."

"असं होय." बाई वळून माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे शरीराला सवयच. जरा गार लागलं की शेगडी चालू."

इंजेक्शन देणाऱ्या काकांना त्यांनी फोन लावला. साखर दिल्यावर तासभर रोग्याला उबदार खोलीत, पांघरूण घालून, हालचाल न करता पडायला लावतात, ते याचसाठी. काकांना तो रोगी लख्ख आठवत होता. पांघरूण दिलं तर त्याची घडी करून उशाला घेतलं म्हणाले. घुसमटतं म्हणून एसी वाढवायला लावला. काकांनी हटकलं तर रोगी म्हणाला होता, आम्हाला नाही थंडी वाजत.

"परत काढू," मोठ्या बाई म्हणाल्या. "मानेत याला आधी खरी गाठ होती. या उजेडात ती लपली असेल तर मी पुसताना एक तर कमी पुसेन नाहीतर जास्त. आकडा खोटा येईल." मग उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यांनी विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर आपण होऊन जाऊ नकोस."

परत उपास, परत सुई, हे भाऊजींना सांगायचं माझ्यावर आलं. ते खिडकीशी बसले होते, खिडकी अर्थात उघडी.

"फोटो हलला की काय?"

"तुम्हाला थंडी वाजली होती, भाऊजी."

"मला?" कुणी शिवी दिल्यासारखं त्यांनी बघितलं.

मी समजावून सांगितलं. मानेतली चरबी, तिचं पेटणं, कॉम्प्युटरचा गैरसमज. ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षं मी शाल घेऊन हिंडले ते वेडी म्हणून नाही तर."

भाऊजी गळ्याला हात लावून बसले, जणू तिथे गरम लागतंय का बघत होते.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मी घरून जाड स्वेटर, मोजे आणि कानटोपी घेऊन गेले. आमच्या ह्यांचंच सगळं. भाऊजींनी कानटोपी बघून तोंड कडू केलं.

"हे घालून मी कसा दिसेन?"

"फोटोत चेहरा येत नाही."

"मग ठीक." थोड्या वेळाने म्हणाले, "उकडून मारणार तुम्ही मला. आजाराची गरजच नाही."

काकांनी त्यांना दोन पांघरुणांखाली गुंडाळलं, दिवा घालवला. सुई दिल्यावर मला त्यांच्याजवळ थांबता येत नाही, अंगातली किरणं बाहेर येत असतात. दाराच्या काचेतून एवढंच दिसलं की ते गपचूप पडले होते आणि कपाळ घामाने चमकत होतं. एरवी असा माणूस केव्हाच पांघरूण भिरकावून उठला असता. त्या दिवशी मला त्यांचं उतरतं वय दिसलं. मी आपल्या खोलीत गेले आणि दुसऱ्यांची चित्रं पुसत बसले. त्या दिवशी 'जो कोणी' म्हणताना जीभ अडखळली, कारण मनात एकच जण होता आणि तसं मागणं बरोबर नाही हे मला कळत होतं. इतरांचं मी घाईत मागितलं, आणि मग लाज वाटून पुन्हा सावकाश मागितलं.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. गळ्याभोवतीची माळ विझली होती. उजव्या बाजूला दोन छोट्या गाठी उरल्या होत्या, खऱ्या. पोटातल्या होत्या तशाच. बाईंनी आकडा काढलेला होता.

"रेषेच्या वर आहे," त्या म्हणाल्या. "फार नाही. जरासाच."

मी मान हलवली. पहिल्या आकड्यापुढे हा म्हणजे सुटकाच. पण रेषा ती रेषा. तीही मीच आखलेली, शेकडो जणांचा उजेड पुसून पुसून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मी त्यांच्याकडे गेले. ताई पलंगाच्या कडेला अंग टाकून झोपल्या होत्या, पायांतल्या सपाता तशाच, हातात अर्धवट घडी केलेली चादर. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. भाऊजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि समोरची खुर्ची दाखवली.

"बोल," हलक्या आवाजात म्हणाले.

ताईंचं बोलणं माझ्या कानात होतं. वाटलं, एवढंच तर आहे, एक शब्द. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"रेषेच्या वर आहे, भाऊजी. थोडासा."

"वर म्हणजे वाईट."

"वरच्यांतले बरेचसे राहत नाहीत. काही राहतात. मी पाहिलेत राहिलेले."

"ते का राहिले?"

"माहीत नाही. चित्रात दिसत नाही ते."

त्यांनी मान डोलावली. आता ते 'मग संपलं' म्हणतील असं वाटून मी त्यांच्या तोंडाकडे बघेना, हातांकडे बघत राहिले. नखं निळसर, शिरा सुयांनी काळ्या पडलेल्या.

"म्हणजे पहिला फोटो खोटा होता," ते म्हणाले.

"खोटा नव्हता. तुम्हाला थंडी वाजत होती, ते खरंच होतं."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी ताईंकडे बघितलं. "मला वाटायचं मला वाजतच नाही. सगळ्यांना सांगत सुटलो. आणि अंग आपलं आत शेगडी पेटवून बसलेलं, मला न सांगता." गळ्यावरून त्यांनी हात फिरवला. "जेवताना म्हणालो ना, कंटाळा आला म्हणून?"

"हो."

"कंटाळा नाही आला मला, धाकटे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वारा आत आला तशी ताईंनी झोपेतच चादर ओढून खांद्यावर घेतली. भाऊजी ते बघत होते. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, दोनदा बसले, तिसऱ्यांदा उठले. मी पुढे झाले तर हाताने मला मागे सारलं. खिडकीपर्यंत गेले आणि तिची झडप ओढली. वर्षानुवर्षं न लागलेली खिडकी, कुरकुरली, मग बसली.

त्या आवाजाने ताई जाग्या झाल्या. आधी लावलेली खिडकी बघितली, मग मला. धडपडून उठून बसल्या.

"काय झालं? काय म्हणाली धाकटी?"

भाऊजी खिडकीला पाठ टेकून उभे होते. दम लागला होता. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"बरा आहे म्हणाली आकडा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराच्या टोकाकडे. त्यांनी माझ्यावर टाकलेलं ओझं आता भाऊजींनी उचललं होतं, आणि ते माझ्या हातून काढून घेतल्यावरही माझे हात हलके झाले नाहीत. ताईंना किती कळलं, मला सांगता येणार नाही. त्यांनी खांद्यावरची चादर नीट घडी करून बाजूला ठेवली.

"मग बॅग काढते," म्हणाल्या. "तुम्ही बसा आधी. उभे काय राहिलात."

भाऊजी बसले. ताईंनी कपाटावरून बॅग उतरवली, फडक्याने पुसली आणि सगळ्यात आधी त्यात ह्यांचा जाड स्वेटर घातला. वर कानटोपी ठेवली. मी वाट बघत होते की भाऊजी आता काहीतरी टोमणा मारतील.

"मोजे राहिले," ते म्हणाले.